किल्ली गाडीत, दारं बंद : अनुभव आणि उपाय लिहा

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी आमच्यावर आलेला प्रसंग लिहितोय. अजून रात्री दचकून जाग येते, पण बायको म्हणाली, लिही, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन परत निघालो होतो. साडेअकरा वाजून गेलेले, चैत्राचं ऊन. गाडी घाटाजवळच्या मोकळ्या जागेत उभी, सावली कुठेच नाही. बायको पलीकडे पाण्याची बाटली घ्यायला गेली. मी लेकीला मागच्या डाव्या बाजूला तिच्या खुर्चीत बसवत होतो. ती 14 महिन्यांची आहे. पट्टे लावू देईना, आकांत मांडला. म्हणून हातातली किल्ली तिला खेळायला दिली. गप्प झाली. पट्टे लावले, दार लावून घेतलं आणि पुढच्या दाराकडे वळलो. तेवढ्यात खट्ट! चारही दारांचा एकदम येतो तो आवाज. इंडिकेटर एकदा लुकलुकले.

तिने रिमोटचं बटण दाबलं होतं. काचा पूर्ण वर, इंजिन बंद, एसी बंद.

आधी मलाही वाटलं, दाबेल पुन्हा. काचेतून हातवारे करून तिला दाखवत होतो, "बाळा, दाब, दाब." ती हसली. मग किल्ली तिच्या हातातून सीटखाली पडली आणि ती रडायला लागली. दुसरी किल्ली पुण्यात, कपाटात. माणसं जमली. एकजण म्हणाला फुटपट्टी आणा, एकजण म्हणाला बाजारपेठेत किल्लीवाला आहे, गाडीवरून घेऊन येतो, दहा मिनिटं थांबा. फुलं विकणाऱ्या एक मावशी आल्या, त्यांनी फुलांवरचं ओलं फडकं उचलून लेकीच्या बाजूच्या काचेवर पसरलं, म्हणजे ऊन तरी थेट लागू नये. तोपर्यंत तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि केस कपाळाला चिकटले होते.

मी थांबलो. किल्लीवाला येईल म्हणून थांबलो. हेच मला सहन होत नाही. शेवटी एक जीपवाले काका व्हील पाना घेऊन आले आणि म्हणाले, "काच दोन हजाराची असंल, पोर कितीची?" मी पाना घेतला. लेक मागे डावीकडे, म्हणून ड्रायव्हरच्या दाराची काच फोडली. पहिला घाव मधोमध घातला, काहीच झालं नाही. काका म्हणाले, "कोपऱ्यात मार, खालच्या." दुसऱ्या घावाला साऱ्या काचेचा चुरा होऊन खाली आला. आत हात घालून दार उघडलं तर सायरन सुरू झाला, त्या आवाजात तिला बाहेर काढलं.

नंतर फोनवर बघितलं. बायकोला पहिला फोन 11:42 ला, काच फुटल्यावर केलेला फोन 11:50 ला. आठ मिनिटं. लेक ठणठणीत आहे. वाईतल्याच दवाखान्यात दाखवलं, डॉक्टर म्हणाले वेळेत काढलीत.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. असं होऊच नये म्हणून तुम्ही काय करता? आणि झालंच तर पहिल्या मिनिटाला काय करायचं?

अबोली

वाचताना घशाशी आलं. लेकीची दृष्ट काढा आज.

पाना_पक्कड

नाशिकला माझं गॅरेज आहे, 22 वर्षं झाली. तुमच्यासारखे फोन मला उन्हाळ्यात दर आठवड्याला येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी काचेचं. समोरची मोठी काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन थरांची असते, मध्ये प्लॅस्टिकचा पडदा. ती तडकते पण पडत नाही, तिच्या नादी लागायचं नाही. बाजूच्या काचा टफन्ड, म्हणजेच टेम्पर्ड. मधोमध त्या मार सोसतात, कोपऱ्यात टोकदार वस्तूचा एक नेमका घाव पुरतो. जीपवाल्या काकांचं बरोबर. मूल जिथे असेल तिथून सगळ्यात लांबची काच निवडायची, तोंड वळवायचं, हाताला टॉवेल गुंडाळायचा. हल्ली काही महाग गाड्यांत पुढच्या दारांनाही दोन थरांची काच येते. काचेच्या कोपऱ्यात छापलेलं असतं, लॅमिनेटेड की टेम्पर्ड. ते आज घरी उभं राहून वाचून ठेवा.

आता लॉक आपोआप का होतं ते. लोकांना वाटतं गाडीत बिघाड आहे. बहुतेक वेळा तो बिघाड नसतो, गाडी तशीच बनवलेली असते. रिमोटने अनलॉक केलं आणि कुठलंच दार उघडलं नाही, तर साधारण 30 सेकंदांत गाडी स्वतःला पुन्हा लॉक करते, म्हणजे खिशात चुकून बटण दाबलं गेलं तर गाडी रात्रभर उघडी राहू नये. प्रत्येक मॉडेलचा आकडा पुस्तिकेत असतो. आता बघा, तुम्ही अनलॉक केलं, किल्ली बॉनेटवर किंवा उघड्या काचेतून सीटवर टाकली, फोन आला, बोलत उभे राहिलात. खट्ट.

दुसरा सापळा डिकीचा, आणि सेडानवाले यात फार अडकतात. चारही दारं लॉक असतात, रिमोटने फक्त डिकी उघडतात. दोन्ही हातांनी बॅग उचलायची म्हणून किल्ली डिकीत ठेवतात, बॅग लावतात आणि सवयीने झाकण आपटतात. झालं. डिकी उघडली की किल्ली दातात धरा पण खाली ठेवू नका, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो.

तिसरा बॅटरीचा. बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली की काही गाड्या लॉकची कळ स्वतः फिरवतात. किल्ली आत लावलेली असेल तर संपलंच. आमच्या गॅरेजमध्ये म्हणून पक्का नियम आहे, गाडी आत आली की ड्रायव्हरची काच खाली. कुठलंही काम असो, पाऊस असो. इंजिन चालू ठेवून दोन मिनिटं खाली उतरणाऱ्याने हाच नियम घरी पाळावा. काच खाली असेल तर लॉक काय वाट्टेल ते करू दे.

सायलीची_आई

पण पाना दादा, पूर्वीच्या गाडीत हे होतच नव्हतं ना? बाबांच्या जुन्या गाडीत ड्रायव्हरचं दार बाहेरून लावताना हँडल उचलून धरावं लागायचं, नाहीतर दाबलेली लॉकची खुंटी आपोआप वर यायची.

पाना_पक्कड

बरोबर ताई. ते हँडल उचलणं म्हणजे एक आठवण होती, की बाबा, तू आता मुद्दाम लॉक करतोयस, किल्ली हातात आहे का बघ. सेंट्रल लॉकिंग आलं आणि ती आठवण गेली. आणि तेव्हा अडकलंच तर स्टीलची फुटपट्टी काचेच्या रबरातून खाली सरकवून दांडी ओढली की दार उघडायचं. आज कृपा करून ते कुणाला करू देऊ नका. दाराच्या पोटात आता वायरिंग असतं, काच मोटर असते, काही गाड्यांत एअरबॅगचा सेन्सर असतो. परवा एक गाडी आली, 500 रुपयात दार उघडून मिळालं आणि पॉवर विंडोच्या तुटलेल्या वायरिंगचा खर्च साडेसहा हजार झाला. जाणता किल्लीवाला दाराच्या वरच्या फटीत हवेची पिशवी घालतो, ती फुगवून बोटभर जागा करतो आणि लांब सळईने आतली कळ ओढतो. पाच-दहा मिनिटांचं काम, ओरखडाही नाही. आणि तो तुमच्याकडे आरसी मागतो. जो कागद न बघता उघडायला बसतो त्याच्यापासून लांब राहा. कागद गाडीतच असतात, म्हणून डिजिलॉकरमध्ये आरसी आधीच घेऊन ठेवा.

निर्गुडी

मी बालरोग विभागात काम करते. धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते. लहान मूल आत, गाडी उन्हात, एसी बंद, तर पहिल्याच मिनिटाला काच फोडा. किल्लीवाल्याला फोन करा, 112 ला फोन करा, पण ते दुसऱ्या कुणाला करायला सांगा आणि तुम्ही काच फोडा.

का, ते सांगते. 2005 साली 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात स्टॅनफर्डच्या डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेर 22 ते 36 अंश असताना बंद गाडीच्या आतलं तापमान त्यांनी मोजलं. तासाभरात ते सरासरी 22 अंशांनी वाढलं, आणि त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. म्हणजे "फट ठेवली होती हो" याला अर्थ नाही. आणि लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. आपण गाडीत दहा मिनिटं बसून "चालतंय की" म्हणतो, तो अंदाज बाळाला लावू नका.

बाहेर काढल्यावर सावली, कपडे सैल, अंगावरून ओलं फडकं, वारा. शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी किंवा अंगावरचं दूध. मूल सुस्त असेल, डोळे फिरवत असेल, उलट्या करत असेल तर तोंडात काही घालू नका आणि 108 ला फोन करा.

अजून एक, यात किल्ली आत राहण्याचा संबंध नाही, तरी लिहिते. एप्रिल 2024 मध्ये मुंबईत अँटॉप हिलला खेळता खेळता बेवारस गाडीत गेलेली दोन भावंडं दगावली. पाच आणि सात वर्षांची होती. सोसायटीत उभी असलेली गाडी नेहमी लॉक ठेवा आणि किल्ली मुलांच्या हाती लागेल अशी खुंटीला लावू नका. चार-पाच वर्षांच्या मुलाला शिकवा की अडकलास तर पुढच्या सीटवर ये आणि हॉर्न दाबून धर. मागच्या दारांना चाइल्ड लॉक असतं, ती आतून उघडत नाहीत. पुढचं दार आतून खेचून उघडतं. 1 जुलै 2019 पासून बनलेल्या गाड्यांना सेंट्रल लॉक वीज नसतानाही हाताने उघडता आलं पाहिजे, असा नियमच आहे. मी माझ्या दोन्ही भाच्यांकडून हे गाडीत बसवून करून घेतलंय.

काळाकोट

काच फोडण्यावरून कुणी कायद्याची भीती घालत असेल, किंवा गाडी दुसऱ्याची असेल आणि आत मूल दिसत असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 19 वाचा, पूर्वीचं भादंवि 81. गुन्ह्याचा हेतू नसताना, जिवाची किंवा मालमत्तेची मोठी हानी टाळायला प्रामाणिकपणे केलेलं नुकसान गुन्हा ठरत नाही. दोन माणसं साक्षीला ठेवा, मोबाइलवर आतल्या मुलाचा व्हिडिओ एकाला काढायला सांगा, 112 ला कळवा आणि काच फोडा.

सुईदोरा

मी कोल्हापूरची. आमच्याकडे चारचाकी नाही, पण दुखणं तेच आहे म्हणून लिहिते. स्कूटरची डिकी! मंडईतून भाजी घ्यायची, सीट उचलायची, पिशवी कोंबायची, दोन्ही हात भरलेले म्हणून किल्ली पिशवीवर ठेवायची आणि सीट दाबायची. टक. वर्षात तीनदा झालं. पर्स, मोबाइल, किल्ली सगळं आत आणि मी महाद्वार रोडला उभी. तिसऱ्या वेळेला मिरच्या विकणाऱ्या काकूंचा फोन घेऊन मुलाला बोलावलं, तो शाळा बुडवून दुसरी किल्ली घेऊन आला. तेव्हापासून किल्लीला मनगटात जाईल एवढी मोठी लोकरीची विणलेली दोरी लावलीय, हिरवी-गुलाबी. सीट उघडली की ती मनगटात. हात डिकीतून बाहेर आला की किल्ली आपसूक बाहेर येते. एक वर्ष होत आलं, एकदाही अडकले नाही. आणि घरच्या दोन माणसांचे नंबर पाठ केलेत. मोबाइल आत अडकला की कुणाचाच नंबर आठवत नाही, हे मला रस्त्यात उभं राहून कळलं.

पायवाट

सुईदोरा ताई, नंबर पाठ करायचा मुद्दा लाखमोलाचा.

ट्रेकला आमच्या गटाचा नियम आहे, दोन किल्ल्या दोन माणसांकडे. पाचनईत गाडी लावून हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. कोकणकड्यावर बसल्यावर मित्राच्या खिशातून किल्ली कुठे पडली ती पडली. खाली उतरलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले, गावात किल्लीवाला कुठून असणार? दुसरी किल्ली ठाण्यात. रात्र देवळाच्या ओसरीवर काढली, गावकऱ्यांनी पिठलं-भाकरी दिली. सकाळी भाऊ किल्ली घेऊन आला. तेव्हापासून दुसरी किल्ली घरी ठेवतच नाही. एक चालवणाऱ्याकडे, दुसरी गाडीत बसणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे, आतल्या खिशात, चेन लावून. एकाच बॅगेत दोन्ही ठेवल्या तर दुसरी असून नसल्यासारखीच.

ठाणेकर_२

माझा अनुभव बटणाने चालू होणाऱ्या गाडीचा. किल्ली आत राहिली तर ही गाडी लॉकच होत नाही, बीप बीप करते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. एकदा मिसेसने किल्ली घाईत स्टीलच्या डब्यांच्या पिशवीत टाकली, पिशवी मागच्या सीटखाली. गाडीला किल्ली दिसलीच नाही. बीप नाही, काही नाही, सरळ लॉक. आमच्या भागात नेटवर्क चांगलं, मोबाइल ॲपवरून उघडली. पण हेच मॉलच्या तळघरात झालं असतं तर? तिथे फोनला रेंज नसते आणि गाडीलाही नसते. ॲपवर भिस्त ठेवू नका.

त्यापेक्षा माझ्या वडिलांचं ऐका. वय 71. रिमोटचा सेल संपला, दार उघडेना, ते तीन तास सोसायटीच्या बाकावर बसून राहिले. रिमोटच्या पोटात साधी पातेदार किल्ली असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गाडी ताब्यात देताना शोरूमवाल्याने हार घातला, पेढे दिले, फोटो काढले, पण हे दाखवलं नाही.

पाना_पक्कड

हे प्रत्येकाने आज करून बघा. रिमोटच्या बाजूची छोटी कळ सरकवली की आतली किल्ली बाहेर येते. बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या हँडलला किल्लीचं छिद्र दिसत नाही, कारण त्यावर टोपण असतं. हँडलच्या टोकाला खालून बारीक खाच चाचपा, किल्लीचं टोक घालून टोपण उचला, आत छिद्र. दार उघडताना सायरन वाजेल, घाबरू नका. मग रिमोट गाडी चालू करायच्या बटणाला टेकवून धरा आणि ब्रेक दाबून गाडी चालू करा. सेल मेलेला असला तरी रिमोटमधली चिप तेवढ्या जवळून वाचली जाते. काही गाड्यांत ही जागा बटणाऐवजी खणात किंवा कपहोल्डरमध्ये असते, पुस्तिकेत चित्र असतं. सेल बहुतेक सीआर2032, घड्याळाच्या दुकानात मिळतो. दिवाळीच्या दिवाळी बदला, रेंज कमी व्हायची वाट बघू नका.

मिशिगनचा_मराठी

इकडे उलटं. जानेवारीत काचेवरचा बर्फ खरवडायला गाडी चालू करून बाहेर उतरतो आणि दार लॉक होतं. आत हीटर, बाहेर उणे 15, अंगात नुसता स्वेटर. पाना_पक्कड यांचा "काच खाली" नियम मी या हिवाळ्यापासून पाळतोय, बर्फ आत येतो पण येऊ दे. इथे रस्त्यावरच्या मदतीचं सभासदत्व असलं की लॉकआउटला माणूस येतो. पण बर्फाच्या दिवसांत तास-दोन तास लागतात, तेवढा वेळ उभं राहायला शेजाऱ्याचं दारच उपयोगी पडतं.

रमेश_काका_सोलापूर

किल्ली बंपरखाली चुंबकाच्या डबीत ठेवावी का? मी ठेवतो.

विमासल्ला

काका, नका ठेवू. डबी कुठे असते हे चोराला आपल्याआधी माहीत असतं. आणि गाडी चोरीला गेली तर दाव्याच्या वेळी विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक डबीत होती असं सांगायची वेळ आली तर दावा अडकतो. ठेवायचीच असेल तर चिप नसलेली साधी किल्ली बनवून घ्या. तिने दार उघडतं, इंजिन सुरू होत नाही. ती डबीत नको, पाकिटात ठेवा. नवीन गाडीसोबत किल्लीचा नंबर कोरलेला छोटा बिल्ला मिळतो, त्याचा फोटो काढून बिल्ला घरी ठेवा. नवी किल्ली बनवताना तो नंबर लागतो. किल्ली हरवलीच तर पोलिसांत हरवल्याची नोंद करा आणि कंपनीला कळवा.

धागाकर्त्यांना एक सांगतो, एका काचेसाठी दावा करण्याआधी नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बघा. सलग दावा न केलेल्या वर्षांप्रमाणे तो 20 पासून 50 टक्क्यांपर्यंत चढतो, आणि एका दाव्याने शून्यावर येऊ शकतो. दोन-तीन हजारांची काच बहुतेक वेळा खिशातून केलेली परवडते. रोडसाइड असिस्टन्सचं पूरक कव्हर असेल तर त्यात किल्ली अडकल्याची मदत येते का ते आजच विचारा, आणि त्या मदतीचा नंबर पॉलिसीत नको, फोनमध्ये आणि पाकिटात ठेवा. पॉलिसी गाडीच्या खणातच असते. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर मदतीसाठी 1033.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सगळं एका जागी मला त्या दिवसाआधी वाचायला मिळालं असतं तर.

वाचल्यावर लगेच बसून सगळं लावलं. काचेच्या कोपऱ्यात वाचलं, दारांची मागची-पुढची सगळी टेम्पर्ड आहे. काच फोडायची टोकदार हातोडी आणली. आधी ती गाडीत, सीटजवळ लावणार होतो, मग बायको म्हणाली, दारं बंद झाल्यावर ती पण आतच राहणार. म्हणून छोटी, किल्लीच्या जुडग्याएवढी स्प्रिंगची मिळते ती आणली, ती लेकीच्या सामानाच्या पिशवीला बाहेरून लावली. पिशवी नेहमी आमच्यापैकी एकाच्या खांद्यावर असते. आधीची हातोडी आतल्यांसाठी, सीटजवळ. दुसरी किल्ली बायकोच्या पर्समध्ये. लेकीला बसवताना आता पुढची काच आधी खाली, किल्ली माझ्या पट्ट्याच्या हुकाला, आणि तिच्या हातात लाकडी खुळखुळा. पहिले दोन दिवस तिने किल्लीसाठी रडून गोंधळ घातला. आता मागत नाही.

काल परत वाईला गेलो होतो. मावशींचं फडकं आमच्याच गाडीत राहिलं होतं. ते धुऊन नेलं, सोबत एक नवीन. त्यांनी नवीन घेतलं नाही, म्हणाल्या, "फुलावर टाकायला हेच बरं, ह्याला पाणी राहतंय." लेकीला मात्र मांडीवर घेऊन बसल्या, गिऱ्हाईक आलं तरी उठल्या नाहीत. जीपवाले काका तेवढे भेटले नाहीत. पाचवडच्या बाजूला पांढऱ्या जीपने भाडी मारतात, एवढंच कळलं. इथे कुणी तिकडचं असेल तर त्यांना निरोप द्या, पोरगी बरी आहे.